दाजींचं म्हणणं

आमचे दाजी पाहुण्यांना आपली मोडलेली हाडं दाखवायचे. आक्काच्या लग्नात, हळदीच्या अंगानं मांडवात बसलेले असताना, त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझा हात आपल्या खांद्यावर ठेवला. बोटांना हाडाची गाठ लागली. "ही राणीची," म्हणाले. मग मनगट पुढं केलं. "ही बिजलीची. आन् हितं दोन दात हुतं, ते सुलतानानं नेलं." ज्या घोड्यानं पाडलं त्याचं नाव त्या हाडाला! राग मात्र एकावरही नाही. आमची आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया, जावई हाय का भंगाराचं दुकान?"

दाजी कन्हेरीचे. पोरवयातच पुण्याच्या रेसकोर्सवर गेले आणि जॉकी झाले. वजन वाढू नये म्हणून सणासुदीलाही अर्ध्या भाकरीवर उठायचे, आक्का कितीही बोलली तरी. पडले की कळ दाबून आधी उभे राहायचे आणि हात वर करायचे, कारण डॉक्टरनं 'अनफिट' म्हटलं की ती घोडी दुसऱ्याला मिळते. "पाव्हणं, हाड सांधतंय. हातची घोडी गेली की गेली," असं मला ऐकवायचे. डोक्याला मार लागला तरी तेच. चक्कर आली तर उन्हावर ढकलायची. शेवटी एकदा असे डोक्यावर पडले की डॉक्टरांनी कायमचं घरी पाठवलं.

घरी कसले बसतात! आपल्याकडं यात्रेत घोडी पळतात, तिथं लोक त्यांना मानानं न्यायचे. पणदऱ्याच्या एका बागायतदाराची चांदणी नावाची घोडी दाजींनीच तयार केली होती. त्या घोडीवर त्यांचा भारी जीव. "ही पोरगी खोटं पळत न्हाय," म्हणायचे.

त्याच चांदणीवर ते गेल्या साली एका यात्रेत उतरले. गावाचं नाव मी घेत नाही, जिभेला कडू लागतं. निम्म्या वाटेवर तिचा पाय ढेकळात गेला आणि दाजी खाली आले. पडल्यावर काय करायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं. गुडघे पोटाशी, डोकं हातांत, मागची घोडी निघून जाईस्तोवर हलायचं नाही. घोडं होता होईल तो माणूस टाळतं. त्या दिवशी सगळ्यांनी टाळलं, कुणी उडी मारून, कुणी बाजूनं. मग धुरळ्यातून इंजिनाचा आवाज आला. रेसकोर्सवर शर्यतीच्या मागं ॲम्ब्युलन्स धावते, पडलेल्याला उचलायला. सुटलो, असं जुन्या सवयीनं वाटून दाजींनी अंग सैल सोडलं आणि तसेच पडून राहिले. आपल्याकडं मागं धावते ती पंचांची जीप. टपावर पोरं, आत यात्रेची कमिटी, आणि सगळ्यांचे डोळे पुढं निशाणाकडं. ती त्यांच्या कमरेवरून गेली.

जीप कमिटीच्या अध्यक्षांची. मग काय, दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाचं एकमत झालं की घोडीनं तुडवलं. टपावरच्या पोरांनाही म्हणे काही दिसलेलं नव्हतं. दाजी दवाखान्यातून ओरडून सांगत होते, "घोडी न्हाय, जीप!" तर बाहेर हेच लोक पोलिसांना हळूच सांगत होते, "डोक्याला जुना मार हाय, काय बी बोलतोय." जन्मभर लपवलेला तो मार त्यांना बरा सापडला! चांदणी माणसावर जाते असा बोभाटा झाला आणि मालकानं तिला बाजार दाखवला.

दाजींची कंबर गेली, पाय गेले. खाटेवर पडून म्हणायचे, "पायाचं सोडा वो पाव्हणं. भाड्यांनी घोडीचं नाव घालवलं." बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायचे. लोक चहा पीत मान हलवायचे. "व्हय व्हय, आराम करा," म्हणून उठायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा त्याच कमिटीचं आवतण आलं, दाजींचा सत्कार करायचाय म्हणून. आक्कानं आलेल्यांना दारातच झाडलं. दाजी आतून म्हणाले, "मी येतो. माझ्या हातात माइक द्या, मंजी झालं."

चाकाच्या खुर्चीसकट आम्ही त्यांना स्टेजवर चढवलं. निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडला, "घोडीच्या टापांखाली सापडूनही न डगमगलेला आपला वाघ!" शाल आली, नारळ आला. दाजींनी माइक दोन्ही हातांनी धरला. "मला घोडीनं तुडवलं न्हाय. चांदणीची काय चूक न्हाय. माझ्या अंगावर जीप घातली, अध्यक्षांची." अध्यक्ष हसत पुढं आले, वाकून दाजींच्या निर्जीव पायांना हात लावला, माइक काढून घेतला आणि म्हणाले, "आपल्या वाघाला भरून आलंय. जोरदार टाळ्या!"

आणि वाजल्या की हो टाळ्या! शिट्ट्यासुद्धा. लगेच हलगी सुरू झाली.

परत येताना गाडीत मांडीवर शाल आणि नारळ घेऊन दाजी बसले होते. कन्हेरीचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, मी बोललो ते ऐकू गेलं का वो समद्यास्नी?"

"गेलं की दाजी. पार शेवटच्या माणसापर्यंत."

"मग टाळ्या कशापायी वाजवल्या?"