ओणवं होताना

सातव्या महिन्यात सोमारीची कंबर धरली, ती सुटेचना. बसलं की उठवेना, कूस बदलली की कळ थेट मांडीत उतरे. गाव मूल तालुक्यातलं, जंगलाला अगदी लागून. उपकेंद्राच्या नर्स रिनाबाई अंगणवाडीत तपासणीला आल्या, तेव्हा सोमारीनं दुखणं सांगितलं. त्यांनी तिला नीट तपासलं आणि सतरंजीवर एक व्यायाम करून दाखवला. तळहात आणि गुडघे टेकायचे, श्वास सोडत पाठ हळूच वर फुगवायची, मग सरळ करायची. खाली झोळ पडू द्यायचा नाही.

"रोज कर, कंबर मोकळी होते. पोट आवळून आलं, अंगावरून पाणी गेलं, तर थांब अन् लगेच मले फोन कर."

सोमारीनं हात टेकले, गुडघे टेकले. मान खाली गेली आणि अंगावर सर्रकन काटा आला. मागं कोणीतरी होतं! धडपडत उठून ती भिंतीला चिकटली. मागं नुसती तांदळाची पोती होती.

"काय झालं?"

"काई नाई बाई. चक्कर आली."

खरं सांगायला जीभ रेटेना. मागच्या वर्षी ती आणि तिची नणंद दिव्या एकाच झाडाखाली मोहफुलं वेचत होत्या. दिव्या ओणवी होती. सोमारीनं टोपलीकडं तोंड फिरवलं, तेवढ्यात झुडूप हललं. वळून पाहते तर दिव्या नव्हती. फुलं तेवढी सांडलेली. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असं वनखात्याचे लोक नंतर सांगून गेले. तेव्हापासून सोमारी चूलसुद्धा मागं बघत बघत फुंकायची.

व्यायाम करते, असं ती घरी खोटंच सांगू लागली. एका सकाळी मात्र तिला बाजेवरून उठताच येईना. नवरा धनराज कामाला गेलेला. तिचं रडणं ऐकून सासू झिंगूबाई आत आली.

"व्यायाम काऊन करत नाईस? मले दिसते ना."

"भेव लागते, माय. वाकलं का मागून येते थो."

झिंगूबाई तिच्याशेजारी बाजेवर टेकली. दिव्या तिची लेक. मग हळूच म्हणाली, "मी बी अंगण उभ्यानंच झाडतो आता. बांबूले खराटा बांधून."

तिनं दाराला कडी लावली, गोधडी अंथरली, सोमारीला धरून खाली उतरवलं आणि तिच्या पायांमागं, दाराकडं तोंड करून बसली. एक हात मागं नेऊन तिच्या पोटरीवर ठेवला.

"मी आहो मागं. टेक हात."

सोमारीनं हात टेकले, गुडघे टेकले. पाठ वर गेली, सरळ झाली.

"माय, हायेस ना?"

"आहो."

प्रत्येक श्वासाला ती विचारत होती, आणि सासू न कंटाळता उत्तर देत होती. हळूहळू कंबर सैलावली, कूस बदलता येऊ लागली. भीती मात्र तशीच राहिली. सासू मागं नसली तर सोमारी गोधडीवर पायही ठेवत नसे.

मोहफुलं पडायला लागली तशा बायका घोळक्यानं जंगलात निघाल्या. झिंगूबाईलाही जावं लागलं. त्या सकाळी सोमारी दारात उभीच राहिली, कान जंगलाकडं लावून. परतणाऱ्या घोळक्यात सासू दिसली तेव्हा कुठं ती दारातून हलली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मोहफुलांना सोमारी अजून गेलेली नाही, आणि घरात कोणी तिला जा म्हणत नाही.