पाहुण्यांसाठी राखलेल्या अळ्या

काही लोकांना पिकावर विषारी पावडर उडवल्याशिवाय शेती केल्यासारखं वाटतच नाही! स्वतः नाकाला फडकं बांधायचं आणि तीच भाजी लेकरांना खाऊ घालायची. वर मलाच म्हणायचं, "शिकून पोरगं वाया गेलं." नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. पण या मंडळींच्या हाती मी आपणहून कोलीत कसं दिलं, ते ऐकाच.

परभणीला शेतकी शिकून मी पेडगावला परतलो आणि मिरचीच्या कडेनं एरंड लावला. पावडर नाही, फवारणी नाही, नुसतं शेणखत. युक्ती अशी, की अळीला मिरचीपेक्षा एरंड प्यारा. ती एरंडावर जमते. आपण रोज सकाळी अळ्यांची पानं खुडायची आणि कोंबड्यांपुढे टाकायची. मिरची सुखी, कोंबड्या सुखी! अजूनही छातीठोक सांगतो, अख्ख्या शिवारात तशी मिरची नव्हती!

अशात पालमच्या स्थळाकडून निरोप आला. मुलीला मी पसंत होतो. तिचे वडील मात्र आधी शेत बघणार होते. "औषध न मारता मिरची कशी येती, ते डोळ्यानं बघू, मग बोलू."

मुलगी मला फार आवडली होती हो! मग नुसती मिरची कशाला दाखवायची? पुरावाच दाखवू! इकडे एरंडावर अळ्यांची जत्रा, तिकडे मिरची निर्मळ. पाहुणे बघतच राहतील! मी पानं खुडणं बंद केलं.

आई पानं तोडायला गेली, तर मी ओरडलो, "हात लावू नको! पाहुण्यांना दाखवायच्यात!"

"पाहुण्याला लोक लाडू राखून ठेवतेत. तू अळ्या राखायलायस व्हय रे?"

"आई, हे शास्त्र आहे!"

"आन् कोंबड्यांना काय सांगू? उपास हाय म्हणून?"

ठरलेल्या रविवारी पाहुणे आलेच नाहीत. एसटी वाटेत बंद पडली म्हणे. अळ्या करंगळीएवढ्या झाल्या. मी म्हटलं, उत्तम! लांबून दिसतील.

गुरुवारी मुलीचे वडील उतरले. सोबत मुलीचे मामा. 'जय भीम' झालं, चहा झाला, आणि मी पुढे, ते मागे असे निघालो. वाटभर माझं व्याख्यान. "अळी एरंड सोडून हलतच नाही, काका!"

बांधावर पोचलो आणि बघतो तर काय! एरंडाच्या नुसत्या काड्या उभ्या! पानं संपली तशा अळ्या उठल्या आणि रातोरात मिरचीत उतरल्या होत्या. माझ्या लाडक्या मिरचीची चाळण! एक अळी तर काकांच्या धोतरावर चढायला लागली.

"हीच का ती न हलणारी?" काकांनी ती झटकत विचारलं.

लाजेनं माझे कान तापले. पण युक्तीवर आळ? छे! "काका, रोज खुडत होतो तोवर एक पान फाटलं नव्हतं. तुम्हाला दाखवायचं म्हणून मीच अळ्या सांभाळल्या."

काका एकदा काड्यांकडे बघत, एकदा माझ्याकडे. माझं लग्न त्या एरंडाच्या काडीला लटकलेलं!

तेवढ्यात मामांना हसू फुटलं. पोट धरून म्हणाले, "दाजी, बिनघोर पोरगी द्या. जे पोरगं अळ्यांना एवढं जपायलंय, ते बायकोला उपाशी न्हाई ठेवायचं!"