चार कॉम्प्युटर, एक हिस्ट्री

आपाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माऊस नव्हते. म्हणजे विकत घेतलेले होते, चांगले नवे. पण ते तिने शेवयांच्या डब्यात घालून कपाटात ठेवले होते आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या कमरेला. धानोऱ्याच्या बाजारओळीत तिच्या दिराचं शिलाईचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून ती दिराकडेच राहायची. त्या दुकानात मध्ये पडदा लावून मागच्या अर्ध्या भागात तिने चार कॉम्प्युटर मांडले होते. पुढे शिलाई मशीनची खडखड, मागे आमच्या बटनांची. माऊस का नाही, हे मी तिला बरेचदा विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाली, "त्याची वायर धाग्यात गुतते." एकदा म्हणाली, "पोरी भांडतात त्याच्यासाठी." आणि एकदा अगदी गंभीरपणे, "बोट दाखवून काम सांगनं बरं दिसत नाई वो. मोठ्याले नाव घेऊन बोलवाव." कॉम्प्युटर मोठा कसा, हे मला समजलं नाही. पण तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरींचं माऊसवाचून आजही काही अडत नाही.

पहिल्या दिवशी तिने आम्हाला इंटरनेटचं पान उघडायला शिकवलं नाही, खूण ठेवायला शिकवलं. "कंट्रोल डी मारा. आज भेटलं ते उद्या भेटनच असं नाई." कंट्रोल आणि डी दाबलं की एक छोटी चौकट यायची, त्यात त्या पानाचं लांबलचक इंग्रजी नाव असायचं. आपा ते पुसून स्वतःचं नाव टाकायची. बारावीच्या निकालाच्या पानाचं नाव होतं ‘पाणी पिऊन उघड’. शिष्यवृत्तीच्या पानाचं ‘सकाळीच चालते’. एका पानाचं नाव नुसतं ‘रडू नको’ होतं. ते कशाचं पान होतं ते उघडूनही मला कळलं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबलं की या सगळ्या खुणा ओळीने उभ्या राहत. नवीन माणसाला वाटावं, हे कॉम्प्युटर आहे की कोणी आपल्यावर ओरडून राहिलं आहे.

आणि चारही कीबोर्डांवरचं डिलीटचं बटन तिने सुरीने उपटून काढलं होतं. तिथे नुसता खळगा. "चुकलं त बॅकस्पेसनं मांगून मांगून पुसत या. हिस्ट्री पुसाचा विचार डोक्यात नाई पाहिजे." याचं कारण मात्र मला ठाऊक होतं. आमच्या गावातले बाप इंटरनेटच्या नावाला भ्यायचे. त्या बापांना आपाने शब्द दिला होता: "कधीबी या भाऊ. कंट्रोल एच दाबा. पोरगी कुठी कुठी फिरली, सगळं समोर येते." या एका बटनाच्या भरवशावर आम्ही चौघी घरून निघू शकत होतो. मी त्यातली एक. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि नंतर पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्याच नावाने आला. हे मी कुठेही मान वर करून सांगते. पण तेव्हा बारावी झाली होती, पुढचं काहीच ठरलं नव्हतं, आणि बाबांच्या मनात मला घरी बसवायचं होतं.

एका बाजाराच्या दिवशी बाबा आले. खांद्यावर दुपट्टा, हातात भाजीची थैली. "दाखवा बाई, काय शिकून राह्यली पोरगी."

आपा ऐटीत म्हणाली, "तुमीच दाबा."

बाबांनी एक बोट कंट्रोलवर, एक एचवर ठेवलं आणि दोन्ही असे दाबले की टेबल हललं. यादी आली. बाबा चौथी शिकलेले, अक्षर लावून वाचायचे. "ना-ग-पूर... मु-लीं-चे... व-स-ति-गृह." मग माझ्याकडे पाहिलं. "नागपूरले कोण चाललं?"

मी ते पान जन्मात पाहिलं नव्हतं. असं काही असतं हेही मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

"मंग तुह्या मशीनीत कसं आलं? वाऱ्यानं उडून आलं? उद्यापासून येनं बंद."

शिलाई मशीन थांबलं. पडद्याआड आपाचे दीर कान देऊन असणार. तेवढ्यात आपा म्हणाली, "मी पाह्यलं गा भाऊ. माह्यासाठी."

"तुमी?"

"काऊन? या वयाच्या बाईले मनाई हाय का?"

एक पोरगी फिस्सकन हसली. बाबा मात्र हसले नाहीत. ते विचारात पडले आणि म्हणाले, "पण मी आलो तवा तुमी त त्या कोपऱ्यातल्या मशीनीवर होत्या." ते कोपऱ्यातल्या मशीनकडे गेले, कंट्रोल एच दाबलं. वसतिगृह तिथेही. शेजारच्या मशीनवर गेले. तिथेही. चौथ्यावरही. आणि नुसतं वसतिगृह नाही. ‘शेळीला हगवण लागल्यास उपाय’, ‘बिर्याणीत मीठ जास्त झाले तर’, ‘नको असलेला नंबर कसा बंद करावा’, सगळं चारही ठिकाणी, त्याच क्रमाने.

"एकीनं पाह्यलं त चौघींच्या अंगावर उठते?" बाबा म्हणाले. "शेळी कोनाची?"

"माही," एक पोरगी म्हणाली.

"न बिर्याणी?"

"माही," आपा म्हणाली.

"नको असलेला नंबर?"

आम्ही सगळ्या कीबोर्डांवरची धूळ पुसू लागलो.

झालं होतं असं, की लक्षात ठेवायला सोपं म्हणून आपाने चारही मशीनवर स्वतःचंच एक खातं उघडून ठेवलं होतं. त्यामुळे सगळ्यांच्या खुणा आणि सगळ्यांची हिस्ट्री एकमेकींत मिसळायची. हे मला कॉलेजात गेल्यावर उमगलं. त्या दिवशी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटलं. आपा कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला, मलेच समजून नाई राह्यलं." ती खरंच गोंधळली होती की गोंधळ होऊ देत होती, सांगता येत नाही.

बाबा मात्र हट्टाला पेटले. चोर सापडावा म्हणून त्यांनी ते पानच उघडायला लावलं आणि स्टुलावर बसून वाचू लागले. गृहपाल महिला. जेवण. दाराशी पहारा. मध्येच त्यांचा हात कीबोर्डावर पडला आणि पान गेलं. ते दचकून उभे राहिले. "मोडलं का?" आपाने कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबलं, पान परत हजर. "बंद केलं म्हनून मरत नाई भाऊ. बसा." बाबा बसले. भाजीची थैली पायाशी सुकत राहिली.

 घरी जाताना गावाची वेस आली तेव्हा बाबा म्हणाले, "त्या बाईचे केस पांढरे झाले. न तिले अजून जाऊन शिकाची हौस हाय. तिले कोनं नेलं नाई. मी माह्या पोरीले काऊन थांबवू?"

मी नागपूरला गेले ती अशी. चोर कोण, हे मी हळूहळू बाकीच्या तिघींना विचारलं. तिघी नाही म्हणाल्या. म्हणजे आपाच, आणि तेही माझ्यासाठी, असा हिशोब मी मनात पक्का केला. शिकलेल्या माणसाला हिशोब लागला की बरं वाटतं.

मग काही वर्षांनी आपाचा क्लास बंद झाल्याचं कानावर आलं. दुकानात जाऊन विचारलं, तर तिचे दीर म्हणाले, "भाभी चंद्रपूरले गेली. आमी लय समजावलं. ऐकतच नाई." गेल्या वर्षी कामानिमित्त चंद्रपूरला गेले, तेव्हा शोधत शोधत पोहोचले. मुलींचं एक वसतिगृह होतं. आपा तिथे गृहपाल होती. डोळ्यांना चष्मा, गळ्यात शिट्टी. व्हरांड्यात सतरंजीवर पोरी, आणि मध्ये हिची मांडी. रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा अभ्यास करते, असं एका पोरीने मला सांगितलं.

चहा झाल्यावर मी विचारलं, "आपा, त्या दिवशी ते पान माझ्यासाठीच उघडलं होतं ना तुम्ही?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माह्यासाठी, असं सांगतलं होतं न तवाच? तुह्या बापाले एका बोलात पटलं. तू एवढी शिकली, न तुलेच नाई समजलं?"

हे तेव्हाही खरंच होतं, की तेव्हा ती खोटं बोलली आणि मग ते खरं करायला इथे येऊन बसली, असं विचारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने शिट्टी फुंकली. फाटक बंद करायची वेळ झाली होती.

"चाला," ती उठत म्हणाली, "बाहेरच्या लोकायनं निघा आता." आणि पोरींना घेऊन ती आत गेली.