तीन बोटं खाली

आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही फक्त वडिलांची. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला, म्हणून मला लिहिता येतं असं सगळे धरून चालतात. मला तशी खात्री नाही. त्यात जे सांगायचं आहे ते एका पिकअपचे मागचे स्प्रिंगचे पाटे उतरवून ती जरा खाली बसवण्याबद्दल आहे. एवढ्या गोष्टीसाठी वाचणाऱ्याचा वेळ घ्यावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव मंठ्याच्या बाजूला. घरात मेंढरं पहिल्यापासून आहेत. आजोबा ती पायी बाजाराला न्यायचे, वडील, म्हणजे दादा, पिकअपमधून नेतात. पिकअप जुनी घेतलेली. मेंढरं गाडीत भरली की एक अडचण असते. वळणावर किंवा खड्ड्यात एखादं खाली बसलं की बाकीची त्याच्यावर पडतात आणि ते गुदमरतं. म्हणून मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. ते काम मायचं. ती कठड्याला धरून मेंढरांमध्ये उभी राहायची, जिभेने टक् टक् आवाज करायची, आणि बसलेलं मेंढरू उठायचं. तो आवाज मला काढता येतो, पण माझ्या आवाजाने मेंढरं उठत नाहीत.

मागच्या वर्षी मायचा उजवा गुडघा गेला. चालता येत होतं, पण पाय वर उचलून जोर देता येत नव्हता. पिकअपच्या मागे खाली पडणारा फाळका असतो, त्याच्याखाली एक लोखंडी दांडी आहे. तिच्यावर पाय ठेवून वर चढायचं असतं. ते तिला जमेना. दादा आणि आणखी कोणीतरी तिला काखेत धरून वर घ्यायचे. घरी ठीक होतं. बाजारात ते चारचौघांसमोर व्हायचं. एकदा तिला असं वर घेताना एका व्यापाऱ्याने दादांना विचारलं की हे मेंढरू केवढ्याला. लोक हसले. घरी आल्यावर माय म्हणाली, "मी काय पोतं हाय का, उचलून टाकायला? आजपासून मी येत न्हाई."

त्यानंतर ती गेली नाही. पुढच्या दोन बाजारांना एकेक मेंढरू वाटेत मेलं. दादांनी तिला पुन्हा चल म्हटलं नाही, तीही स्वतःहून निघाली नाही. बाजाराच्या दिवशी मात्र ती गाडी भरेपर्यंत मेंढरांच्या वाड्याच्या दारात उभी राहायची आणि गाडी वळून दिसेनाशी झाली की आत जायची.

उपाय करून पाहिले होते. लाकडी स्टूल नेलं, तर ते हललं आणि धरायला चार माणसं धावली. तिला नको होतं ते हेच. दादांनी दांडीखाली आणखी एक पायरी वेल्डिंग करून घेतली, ती दुसऱ्याच दिवशी शेताचा बांध ओलांडताना अडकून वाकली. मग गाडीच खाली घ्यायची असं ठरलं.

मी सुट्टीत घरी होतो. दादा म्हणाले, माप तू घे, तू कॉलेजात आहेस. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. गाडी वाड्याच्या दाराशी मागच्या बाजूने लावलेली होती, रोज तिथेच असते. मी तिच्या शेजारी एक सपाट दगड जमिनीबरोबर बसवला, त्यावर विटा रचल्या आणि मायला चढायला सांगितलं. चार विटांवर ती कोणाला न धरता चढली. पाचव्या विटेला गुडघा थांबला. मग मी जमिनीपासून दांडीपर्यंत मोजलं. चार विटा आणि वर तीन बोटं. मी वहीत लिहिलं: तीन बोटं खाली. दांडीवरून पुढे आत जायला कठडा धरायला होता, तेवढं तिला जमत होतं.

पाट्यांचं काम करणारे मिस्त्री जालन्याला कारखान्यांच्या रस्त्यावर बसतात. वय झालेलं, हात काळे, आवाज बारीक. दादांचं ऐकून ते म्हणाले, "मामा, तीस साल झाले, लोक माझ्याकडं पाटे वाढवायला येतेत. माल जादा भरायला. काढायला तुम्ही पहिले." मग म्हणाले की शहरातली पोरं शौक म्हणून गाडी बसवतात, तुम्हाला कोणता शौक? दादांनी सांगितलं, घरच्यांना चढता येत नाही.

मिस्त्रींनी आधी सोपा रस्ता सुचवला. छोटी चाकं घाला, गाडी आपोआप खाली येईल. दादा नाही म्हणाले. चाकं छोटी झाली की मागच्या दोन चाकांच्या मधला एक्सलचा गोळाही खाली येतो आणि तो बांधावर आपटणार. पाटे बदलले तर फक्त वरचा सांगाडा खाली येतो, गोळा आहे तिथेच राहतो. दादा शाळेत गेलेले नाहीत, पण त्यांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मला मिस्त्रींनी पाना जमिनीवर आडवा ठेवून समजावलं.

मिस्त्रींनी मला विचारलं, "दांडी किती उंचीवर पाहिजे?"

मी वही बघून सांगितलं, "तीन बोटं खाली."

"ते न्हाई विचारलं. काम झाल्यावर जमिनीपासून किती राह्यली पाहिजे?"

"आत्ता आहे त्याच्यापेक्षा तीन बोटं कमी," मी म्हणालो. मी मोजून आलो होतो, लिहूनही आणलं होतं. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "पोरगं शिकलेलं हाय, तो म्हणतो तसं करा."

काम दुपारपर्यंत चाललं. जॅक लावून सांगाडा उचलला, खाली लाकडी ठोकळे दिले, यू-बोल्ट सोडले. दादांनीच पूर्वी जादा मालासाठी घातलेला एक पाटा निघाला. उरलेल्यांची कमान मिस्त्रींनी ऐरणीवर ठोकून थोडी कमी केली. दर पाच-सहा घावांनंतर ते पाटा डोळ्याशी धरून त्याची रेघ बघायचे. मागची बाजू बसल्यावर गाडीचं तोंड वर झालं, म्हणून हेडलाइटही खाली केले. निघताना मिस्त्रींनी बजावलं की आता मेंढरं कमी भरा, चाकं तीच आहेत, जादा वजन झालं की टायर वर घासेल. दादा म्हणाले, बराबर आहे.

गावात आलो तेव्हा उजेड होता. दादांनी गाडी घरासमोर सिमेंटच्या रस्त्यावर लावली, फाळका पाडला आणि मायला हाक मारली. ती हात पुसत आली. उजवा पाय उचलला, तो दांडीपर्यंत पोचला नाही. डावा ठेवून पाहिला, तर मागे राहिलेल्या उजव्या पायावर जोर देता येईना. तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. गाडीकडे मागून पाहिलं आणि म्हणाली, "चांगली दिसून राह्यली." मग आत गेली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज आला.

दादांनी फाळका लावून घेतला. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी मी वाड्याच्या दाराशी गेलो. गाडी तिथे नव्हती, म्हणून जमीन दिसली. वर्षानुवर्षांच्या लेंड्यांचा भुसभुशीत थर, आणि त्यात मागची चाकं रोज उभी राहायची तिथे दोन खळगे. मी बोटं घातली. चार बोटं खोल. मी मोजलं तेव्हा गाडी चार बोटं रुतलेली होती, आणि माझ्या विटा दगडावर होत्या; म्हणून पक्क्या रस्त्यावर दांडी अजून चार बोटं वरच राहिली. मिस्त्रींना नुसती चार विटांची उंची सांगितली असती तर त्यांनी पक्क्या फरशीवर बराबर हिशेब केला असता. मी त्यांना माझी वजाबाकी दिली.

दादांना खळगे दाखवले. ते उकिडवे बसले, त्यांनीही बोटं घालून पाहिली. आणखी खाली बसवता येईल का, मी विचारलं. "न्हाई," ते म्हणाले. "मिस्त्री काय म्हणले ते ऐकलं ना. आणखी बसवली तर रिकामी पळवावी लागंल." नंतर बराच वेळ ते तिथेच बसून होते. परीक्षा जवळ आली होती. मी दुपारच्या एसटीने जालन्याला, कॉलेजला परत आलो.

त्यानंतर दीड महिना मला काही कळलं नाही. फोनवर दादा पाणी आहे का, जेवतो का, एवढंच विचारतात. मायला विचारलं की ती म्हणायची, बरं आहे. बाजाराला कोण गेलं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी विचारलं असतं तर तिला न चढता आल्याचं पुन्हा सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

मागच्या आठवड्यात माझे एक चुलते डोळे दाखवायला जालन्याला आले. हॉस्टेलवर डबा घेऊन आले होते. डबा उघडेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले की तुझ्या बापाला काय झालं आहे ते कळत नाही. घरासमोरचा रस्ता सोडून रोज वाड्याशीच गाडी लावतो, फावड्याने ते चाकांचे खळगे नीट करत बसतो. मंठ्याच्या बाजारात तर सगळ्यांच्या आधी जातो. पाण्याच्या टाकीमागे मऊ माती आहे, तिथेच मागची चाकं घालतो. तिथे दुसऱ्या कोणाची गाडी असली तर ती निघेपर्यंत मेंढरं न उतरवता थांबून राहतो. लोक विचारतात, तर सांगत नाही.

मी विचारलं, "आणि माय?"

"माय कशाची घरी राहती," ते म्हणाले. "ती मागं मेंढरांत उभी. येती ना बाजारला, तीन बाजार झाले. त्या टाकीमागं माझ्यासमोर चढली. मी हात द्यायला गेल्तो, तर म्हणली, सरका भाऊजी, मला जागा द्या."