छातीवरचं गाव

रोकाव्हेना गावात एर्सीलिया ब्राकोनीला विचारल्याशिवाय कुणी घामसुद्धा गाळत नाही, असं लोक थट्टेनं म्हणत. गावच्या फुटबॉल संघानं गाळलेला सगळा घाम एकतीस वर्षं तिच्याच हातून धुऊन निघाला होता, म्हणून. मैदानाच्या लाकडी गॅलरीखाली एक खोली होती. तिथं दोन वॉशिंग मशीन, इस्त्रीचं टेबल, दोऱ्या आणि एर्सीलिया. पगार असा काही नव्हता. ख्रिसमसला क्लबकडून डुकराची एक खारवलेली मांडी यायची, ईस्टरला चीजचा पाव. तेवढ्यावर ती एखाद्या मंत्रीणबाईच्या तोऱ्यात वावरायची.

शर्ट विटकरी रंगाचे होते आणि छातीवर काळ्या जाड कापडातून कापलेली गावाच्या नावाची नऊ रोमन अक्षरं. इतर क्लब कधीच नाव छापून घ्यायला लागले होते. एर्सीलिया मात्र प्रत्येक अक्षर हातानं शिवायची. "छापलेलं नाव धुण्यात जातं," ती म्हणायची. "शिवलेलं काढायचं तर उसवावं लागतं." पुढं ते तिलाच उसवावं लागेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याच्या अंगावर साबणाचं पाणी फेकलं असतं.

मशीनच्या वर भिंतीवर काचेच्या चौकटीत क्लबची १९२१ सालची घटना लावलेली होती. एक न्हावी, एक शाळामास्तर आणि दोन चांभार यांनी मिळून ती लिहिलेली. त्यातलं तिसरं कलम एर्सीलियाला तोंडपाठ होतं: क्लब ज्या गावाचं नाव लावेल, त्याच गावात आपले घरचे सामने खेळेल. शर्ट पिळता पिळता रोज समोर दिसायचं. आपण रोज जे वाचतो ते आपल्याला कळलेलंच आहे असं माणूस धरून चालतो, तशीच तीही चालली.

नदीच्या पलीकडे बोर्गोसेल्लो. इकडचे तिकडच्यांना बेडकं म्हणत, कारण त्यांचं गाव खाली पाणथळीत होतं. तिकडचे इकडच्यांना शेरडं म्हणत, कारण हे डोंगरावर. मधे त्रेन्सा नदी आणि एकच पूल. एर्सीलियाचा नवरा नाझारेनो हा रोकाव्हेनाचा बचावपटू. १९६७ साली बोर्गोसेल्लोच्या मैदानावर त्याचा गुडघा मोडला, आणि तो मरेपर्यंत लंगडला. त्याच बोर्गोसेल्लोत एर्सीलियाची धाकटी बहीण देल्फीना लग्न करून गेली. नाझारेनो वारला तेव्हा देल्फीनाच्या नवऱ्यानं फुलांचं चक्र आणलं, त्याला हिरवी फीत. हिरवा म्हणजे बोर्गोसेल्लो क्लबचा रंग. बिचाऱ्यानं मुद्दाम केलं नसेल. दुकानात होती ती फीत घेतली असेल. पण एर्सीलियानं ते चक्र उचलून चर्चच्या बाहेर पायरीवर नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बाजारात समोरासमोर आल्या तर एक भाजी बघायची, दुसरी आभाळ.

१९९९ साली दोन्ही क्लबांचं भागेनासं झालं. रोकाव्हेनाकडे चौदा खेळाडू उरले होते, त्यातले निम्मे टक्कल पडलेले. बोर्गोसेल्लोला तर फेब्रुवारीत अकराही जमले नाहीत. तरणी मंडळी सगळी खाली पियानेरा शहरात, हायवेकाठच्या कारखान्यांत. तेव्हा रोकाव्हेनाचे अध्यक्ष ऑत्तोरीनो ग्वाल्दी यांनी दोन्ही क्लब एक करायची टूम काढली. ग्वाल्दींचा फरश्यांचा कारखाना पियानेरात होता, बंगलाही तिथंच. रोकाव्हेनात ते फक्त जन्मले होते, आणि त्यानंतर फिरकले ते अध्यक्ष होऊनच.

सभा चर्चच्या जुन्या सिनेमागृहात भरली. डावीकडच्या खुर्च्यांवर शेरडं, उजवीकडे बेडकं, मधली वाट मोकळी. एक होण्याबद्दल कुणाचंच म्हणणं नव्हतं. अकरा माणसं जमवायची तर दुसरा इलाज नव्हता. भांडण लागलं ते नावावरून.

"रोकाव्हेना-बोर्गोसेल्लो," इकडचा औषधवाला म्हणाला. "आमचा क्लब दोन वर्षांनी थोरला आहे."

"थोरला असेल, थकलाही आधी," तिकडून कुणीतरी म्हणालं. "बोर्गोसेल्लो-रोकाव्हेना. वर्णमालेत ब आधी येतो."

"वर्णमाला शिकलात कधी तुम्ही?"

"आमची वस्ती सत्तरनं जास्त आहे."

"त्यात बेडूकही मोजलेत ना?"

दोन तास हे चाललं. गावाचं नाव म्हणजे लोकांना घराच्या दारावरची पाटी वाटते. तिच्यावर दुसऱ्याचं नाव वर आणि आपलं खाली हे कुणाला सोसत नाही. ग्वाल्दी टेबलामागं शांत बसून पाणी पीत होते. त्यांना घाई नव्हती. बोर्गोसेल्लोची माणसं मधूनच डोकी एकत्र करून कुजबुजली, आणि त्यांचा सेक्रेटरी एव्हारिस्तो, गावाचा पोस्टमन, हातातला एक कागद उलगडत उभा राहिला. "आमच्या सभासदांनी असं ठरवलंय," त्यानं सुरुवात केली.

तेवढ्यात एर्सीलिया उठली.

"बस खाली, पोस्टमन," ती म्हणाली. "तुझं पत्र इथं कुणाला नकोय." डावी बाजू खदखदून हसली. मग तिनं सभेकडे तोंड केलं. "माझ्या नवऱ्याचा गुडघा ज्या गावानं मोडला, त्याच्या मागं माझ्या गावाचं नाव लागणार असेल, तर मी ते शिवणार नाही. कुणाचंच नको. नदीचं लावा. नदी आमच्या डोंगरातून निघते, तुमच्या चिखलातून जाते. व्हालत्रेन्सा म्हणा, त्रेन्साचं खोरं. मिटला हिशेब."

पहिली टाळी ग्वाल्दींनी वाजवली. ते नुसते टाळ्या वाजवत बसले नाहीत, उठून उभे राहिले. मग सगळी सभा उठली. डावीकडचे खूश, कारण ब पुढं नव्हता. उजवीकडचे खूश, कारण र पुढं नव्हता. हात वर झाले. विरोधात सात. एव्हारिस्तोनं आपला कागद घडी करून खिशात घातला. एर्सीलिया घरी गेली ती दोन पायऱ्या एकदम चढत. नाझारेनोच्या फोटोला तिनं सांगितलं, "तुझ्यापुढं नाही येऊ दिलं त्यांना."

नवे शर्ट पांढरे आले. रंगाचंही भांडण नको म्हणून ग्वाल्दींनीच ठरवलेले. एर्सीलियानं विटकरी शर्टांवरची अक्षरं उसवली आणि पांढऱ्यावर शिवायला घेतली. दोन्ही नावांत नऊ अक्षरं. सहा तीच होती, तीनच नवी कापावी लागली. याचं तिला इतकं कौतुक की गावभर सांगत सुटली. गावाचं नाव तसंच आहे म्हणाली, जरा सरकलंय इतकंच. उरलेली तीन अक्षरं तिनं बटणांच्या डब्यात टाकली.

पहिला हंगाम एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे असा गेला. शर्ट मात्र दरवेळी एर्सीलियाकडेच धुवायला यायचे. संघ एक वर्ग वर चढला. पोरंही आली, पण ती पियानेराची. दुसऱ्या हंगामाच्या आधी, जुलैमध्ये, गॅलरीच्या दारावर एक कागद चिकटवलेला सापडला. सप्टेंबरपासून व्हालत्रेन्साचे सर्व घरचे सामने पियानेराच्या नव्या स्टेडियममध्ये होतील. सही, ग्वाल्दी.

एर्सीलियानं भिंतीवरची चौकट उतरवली, पिशवीत घातली आणि बसनं पियानेराला गेली. कारखान्याच्या ऑफिसात ग्वाल्दींनी तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली. माणूस उद्धट असता तर बरं झालं असतं.

तिनं चौकट टेबलावर ठेवली. "तिसरं कलम वाचा."

"पाठ आहे मला, सिन्योरा. नव्या क्लबचीही घटना हीच आहे."

"मग?"

"क्लब ज्या गावाचं नाव लावेल त्या गावात," ग्वाल्दी सावकाश म्हणाले. "आता क्लबला गावाचं नाव आहे कुठं? खोऱ्याचं आहे. पियानेरा खोऱ्यातच येतं ना? नदी माझ्या गोदामाच्या मागूनच वाहते. दाखवू?"

"हे मैदान आमचं आहे. ऐंशी वर्षं होतील आता."

"मैदान तुमचंच राहील की. गुरं चारा हवी तर." ते हसले नाहीत, खरोखरच उपयोग सुचवत होते. "हे बघा, तुमचं नाव असतं तर मी एक वीट हलवू शकलो नसतो. बोर्गोसेल्लोचं मागं जोडलेलं असतं तरी नसतो. वकिलानं तसं स्पष्ट सांगितलं होतं मला, सभेच्या आधीच. दोन तास मी बसून होतो, की यातून वाट निघते कशी. ती तुम्ही काढलीत. मी उपकार विसरणारा माणूस नाही."

कॉफी तशीच राहिली.

"उद्घाटनाला तुम्ही यायचं. नावाची धर्ममाता म्हणून. शर्टांची काळजी सोडा आता, ते कंपनीकडून छापून येणार आहेत."

आपल्याच हातानं आपण गाव विकलं, आणि तेही फुकट, हे परतीच्या बसमध्ये तिला नीट कळलं. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो काढायला समोर माणूस नव्हता.

गावाला कळायला दोन दिवस लागले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, हात वर केले, त्या सगळ्यांना एकाएकी आठवलं की आपण त्या दिवशी गप्प होतो. बेकरीवाला पाव देताना म्हणाला, "घ्या, व्हालत्रेन्साबाई." ते नाव चिकटलं. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. औषधवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "नाझारेनोचा गुडघा बेडकांनी मोडला, पण गावाचा कणा तुम्ही मोडलात." तो स्वतः त्या दिवशी सर्वांत मोठ्यानं हसला होता. एर्सीलियानं त्याला आठवण करून दिली नाही. खरं बोलणाऱ्याला गप्प बसवायचं तरी कशानं?

उद्घाटनाला ती गेली. का गेली, तर तिला माइकवर एक शब्द बोलायचा होता. फक्त गावाचं नाव. एकदा मोठ्यानं, सगळ्यांपुढं, त्या काँक्रीटमध्ये. काळा कोट घातला, केस विंचरले, आणि वाटेत ओठांतल्या ओठांत घोकत राहिली.

स्टेडियम भरलेलं. खेळाडूंच्या छातीवर छापलेलं व्हालत्रेन्सा, त्याखाली फरश्यांच्या कारखान्याचं नाव दुप्पट मोठं. तिला मंचावर बोलावलं. ग्वाल्दींनी फुलं दिली, चौकटीत एक मानपत्र दिलं, दोन्ही गालांची चुंबनं घेतली. "या बाईंनी दोन गावांचं भांडण मिटवलं," ते माइकवर म्हणाले. तिनं माइककडे हात केला. तिला हात हलवायचाय असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच टाळ्यांत बँड सुरू झाला. एका पोरीनं तिला कोपराला धरून अदबीनं खाली आणलं. शब्द तोंडातच राहिला.

सामना सुरू असतानाच ती बाहेर पडली. बसथांब्यावर एकच बाई बसली होती. देल्फीना. तिच्या पर्समधून सामन्याचं तिकीट डोकावत होतं.

दोघी एकाच बसमध्ये चढल्या. बस रिकामी होती, तरी देल्फीना येऊन तिच्या शेजारीच बसली.

"फुलं चांगली आहेत," देल्फीना म्हणाली.

"तुला हवी तर घे."

"हिरवी फीत आहे. तुला चालायची नाही."

एर्सीलियानं फुलांकडे पहिल्यांदा पाहिलं. खरंच हिरवी होती.

"हसायला आलीस का?" ती म्हणाली.

"नाही गं. आमचाही क्लब गेलाय." देल्फीनानं पर्सची कडी उघडली, मिटली. "एक विचारू? त्या दिवशी एव्हारिस्तोला का बसवलंस खाली?"

"कारण तो तुमचं नाव पुढं घ्यायला उठला होता."

"तो हरायला उठला होता."

"म्हणजे?"

"आमचं ठरलं होतं. तुमचं नाव आधी, आमचं मागं. मीच मांडलं ते. म्हटलं, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं एक देणं लागतो आपण, गुडघ्याचं. पैशानं ते फिटायचं नाही, नावानं फिटेल. अर्धे लोक माझ्यावर चिडले, पण शेवटी तयार झाले. कागदही मीच लिहून दिला होता. एव्हारिस्तोचं अक्षर त्याला स्वतःला लागत नाही."

बस वळणावर हळू झाली. एर्सीलियाच्या मांडीवर मानपत्राची काच थरथरत होती, तिनं ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"काय लिहिलं होतंस?"

"दोनच शब्द. रोकाव्हेना-बोर्गोसेल्लो."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार?" देल्फीना म्हणाली. "तू माझ्याशी बोलत नव्हतीस."

पूल आला. देल्फीना उठली, जरा घुटमळली, मग उतरून गेली. फुलं सीटवर तशीच राहिली. पुढं रोकाव्हेनापर्यंत बसमध्ये एर्सीलिया एकटीच होती, आणि ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं तेव्हा ती गावाचं नाव पुन्हा पुन्हा म्हणत होती, अगदी हळू, कुणालाच ऐकू जाऊ नये अशा आवाजात.