परतीचं पुष्पचक्र

आमच्या स्नेहलतागंजातले गोपीनाथकाका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि माजी सैनिकांच्या संस्थेचे खजिनदार झाले. सुरुवातीला संस्थेचं बरं चाललं होतं. सीमेवर काही घडलं की तुकोगंजातले शेठलोक चेक घेऊन यायचे, फोटो काढून घ्यायचे. टीव्ही थंडावला की त्यांची देशभक्तीही थंडावायची. मग उरायची ती सभासदांची वर्गणी.

तिच्यातून चार विधवांना दरमहा मदत जायची. तिघी एकेक करून गेल्या, राहिल्या सखुबाई. नवऱ्याची फौजेतली पंधरा वर्षं भरली नव्हती म्हणून पेन्शन नाही, मूलबाळ नाही, आणि साखर अशी की इन्सुलिन चुकलं तर खेळ संपला.

हिशेब मोठा दुष्ट होता. सभासद गेला की त्याची वर्गणी बंद, वर पुष्पचक्राचा खर्च. एका हिवाळ्यात लागोपाठ पाच जण गेले, तेव्हा काकांनी कापडी फुलांचं पुष्पचक्र आणलं. ते पार्थिवावर ठेवायचं, सॅल्यूट करायचा आणि अग्नी देण्याआधी उचलून परत आणायचं.

मुक्तिधामात एकदा एका सभासदाचा मुलगा, पीयूष, भडकला. "बाबांच्या अंगावरून उतरवता? शर्म नाही वाटत, काका?"

"वाटते, बेटा," काका म्हणाले. "पण सखुबाईंचं इंजेक्शन बंद नाही करू शकत."

ही गोष्ट घरी कळली तेव्हा शोभनाकाकू भयंकर संतापल्या. मेलेल्याच्या अंगावरचं ओढून आणता, असं त्यांनी तोंडावर सुनावलं आणि आठवडाभर अबोला धरला. काकांनी निमूटपणे पुष्पचक्र धुऊन गच्चीवर वाळत घातलं. मला त्यांची कीव यायची आणि त्या फोटोवाल्या शेठांचा संताप.

यंदा काका गेले. संस्थेतर्फे एकटे बाळकृष्णराव आले, दुसरं कोणी उरलंच नव्हतं. मुक्तिधामापर्यंत जाणं त्यांना झेपणार नव्हतं, म्हणून दारातच त्यांनी काकांवर पुष्पचक्र ठेवलं आणि सॅल्यूट केला. तिरडी उचलायची वेळ झाली, पण परत मागायचा त्यांना धीर होईना.

शोभनाकाकूंनीच वाकून ते उचललं, गुलाल झटकला आणि त्यांच्या हातात दिलं. "घेऊन जा. पुढच्याला लागेल."

"वहिनी, अब तो पुढचा मीच आहे."

बाळकृष्णरावांनी पुष्पचक्र पिशवीत घातलं आणि तिथूनच काठी टेकत औषधांच्या दुकानाकडे गेले. सखुबाईंचं इन्सुलिन संपलं होतं.