आभाळातली नाकी

आकाशाला कुंपण घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे बाळांनो, तुमच्या आजोबांचे काका. निजामाच्या राज्यात ते जैनथजवळ, पैनगंगेकाठच्या करोडगिरीच्या नाक्यावर होते. नदीपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीची झडती घ्यायची आणि जकात वसूल करायची, हे त्यांचं काम. पुढे संस्थान भारतात आलं, नाकं उठलं. मग आमचा जिल्हा आंध्रात गेला आणि माझं माहेर यवतमाळ मुंबई राज्यात. काकांच्या मनातलं नाकं मात्र काही उठलं नाही. माझा भाऊ माहेरून आला, तेव्हा त्यांनी ओसरीतूनच विचारलं, "पाटीत काय आहे?" तो हसून "संत्री" म्हणाला, तरी काकांनी हात घालून पाटीचा तळ चाचपला आणि मगच "या, बसा" म्हणाले.

त्यांचा एकुलता मुलगा लंडनला शिकायला गेला आणि नोकरी धरून तिथेच राहिला. "या वर्षी येणं जमत नाही," असं त्याचं पत्र आलं की काका भिंतीवरचा जगाचा नकाशा खाली काढत. मुंबई आणि लंडनच्या विमानतळांवर टाचण्या, मधे ताणलेला दोरा. दोरा नकाशाच्या मापाला लावून मैल काढत, मैलांना विमानाच्या वेगाने भागत. इथवर हिशेब चोख. मग दोरा जितक्या सरहद्दी ओलांडेल तितकी नाकी ते त्यात मिळवत. प्रत्येक नाक्यावर रांग, झडती, साहेबाचं जेवण, शिवाय निजामी रिवाजाची शुक्रवारची सुट्टी. या हिशेबाने लंडनहून निघालेलं विमान मुंबईला टेकेपर्यंत इकडे पेरलेली ज्वारी कापणीला यायची.

"पाहा सूनबाई," ते समाधानाने म्हणत, "सारी रजा रस्त्यातच सरून जाते. पोरगं येईन तरी कसं?"

एकदा असंच पत्र आलं, नकाशा निघाला. काकू वाती वळत बसल्या होत्या. त्या एकदम तडकल्या.

"आभायात नाकं कोनं बांधलं हो? ढगाची झडती घेते का कोनी?"

काका मोठ्याने हसले. "सूनबाई, तुमी इंग्रजी शिकल्या. सांगा हिले."

मी सांगितलं, विमान मधे उतरतं ते तेल भरायला. सरहद्दीवर त्याला कोणी अडवत नाही.

"कोनीच नाही?"

"नाही."

काका दोऱ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मंग तो येत काऊन नाही?"

काकूंचे हात थांबले. त्यांनी एकवार नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"रशियावाल्याइचं असन एखांदं नाकं," त्या म्हणाल्या. "सूनबाईले काय मालूम? त्या काय गेल्या तिकडं?"

काकांनी आशेने माझ्याकडे पाहिलं.

"असेल," मी म्हणाले. "रशियाचं मला नक्की ठाऊक नाही."

काकांनी सुटकेचा सुस्कारा सोडला आणि रशियापाशी चांगला आठवडा मांडला.